कामाच्या सोयीनुसार रजा

३ मार्च

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते. पण फोन केला की दादा स्पीकर लावतो, आणि माझं वाक्य संपायच्या आत स्वतःचं मत सांगून मोकळा होतो. आज जे सांगायचंय त्यात मध्ये कुणी बोललेलं मला चालणार नाही.

मला ती नोकरी मिळाली! लहान मुलांच्या हृदयाच्या हॉस्पिटलमधली! मुलाखत झालीच नाही. तिथल्या सर्जनबाईंनी माझे कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, "प्रश्न विचारून मला काय कळणार आहे? उद्या सकाळी पंपावर बसा."

हे पत्र तू दादालाही वाचून दाखवणार, आणि तो अजून लोकांना 'बहीण मशिनवर असते' एवढंच सांगतो, म्हणून त्याच्यासाठी पुन्हा लिहिते. हृदय उघडून दुरुस्त करायचं तर आधी ते थांबवावं लागतं. तेवढा वेळ अंगभर रक्त फिरवायचं आणि त्यात प्राणवायू भरायचा, हे काम एक यंत्र करतं. ते यंत्र म्हणजे पंप, आणि तो चालवते ती मी. आजवर मी फक्त मोठ्या माणसांचे पंप चालवले होते. काल समोर दोन आठवड्यांची मुलगी होती.

तिच्या अंगातलं सगळं रक्त मिळून चहाचे दोन कप धड भरले नसते. माझ्या नळ्या करंगळीहून बारीक. हृदय अक्रोडाएवढं. शेजारी इथले जुने पंपवाले बसले होते, त्यांना सगळे पंपकाका म्हणतात. ते फक्त एकदाच बोलले, "घाबरलात तरी चालेल, हात घाबरू देऊ नका."

सर्जनबाई म्हणाल्या, "पंप." मी सुरू केला. मग त्यांनी हृदय थांबवलं. पडद्यावरची रेघ सरळ झाली. दुसरीकडे कुठेही ती रेघ सरळ झाली तर लोक धावत सुटतात. इथे कुणी मानही वर केली नाही. सुई, दोरा आणि माझ्या पंपाची घरघर, बाकी सगळं गप्प. एवढ्याशा मुलीचं हृदय बंद होतं आणि ती जिवंत होती, वहिनी! आणि तिला जिवंत ठेवायचं काम तेवढ्यापुरतं माझ्याकडे होतं.

शिवून झालं. कोमट रक्त पुन्हा हृदयात सोडलं. कुणी हात लावला नाही, काही नाही. आधी ते नुसतं थरथरलं. मग एक ठोका. मग काहीच नाही. मग दुसरा, तिसरा, आणि मग ते आपलं आपण चालूच लागलं. मी हळूहळू पंप कमी करत गेले आणि शेवटी बंद केला. तोवर मास्कच्या आत माझं तोंड उघडंच होतं. मोठ्यांच्या हृदयांची मला केव्हाच सवय झाली होती, याची कधी होईल असं वाटत नाही.

हात धुता धुता सर्जनबाईंनी विचारलं, "येणार ना? पगाराचं काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, "पगार काय तो द्या हो. मी येणार."

नेमणुकीच्या पत्राची प्रत सोबत आहे. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायची आहे. तू वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या ऑफिसात असली पत्रं लिहिलीस, म्हणून फक्त एकदा नजर टाक. आईला सांग.

तुझी
चिंगी

*

८ मार्च

चिंगे,

आशीर्वाद शेवटी. आधी बोलणी खा.

"पगार काय तो द्या हो"! अगं, हे वाक्य कानावर पडावं म्हणून हॉस्पिटलच्या ऑफिसातली माणसं देव पाण्यात घालून बसतात. मी इतकी वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसले. समोरचा माणूस भारावलाय असं दिसलं की आमचे साहेब टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय मारायचे. म्हणजे आकडा खाली. भारावलेल्या माणसाचा पगार कमीच ठरतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुला भारावायचंच होतं तर आधी खोलीवर जायचं होतंस आणि दार लावून काय ते भारावायचं होतंस.

बरं, आता तुझं पत्र. पगार त्यांनी नवशिक्याचा लावलाय. कारण काय, तर मुलांच्या पंपाचा अनुभव नाही. मग नवशिक्यासारखं कुणाच्या हाताखाली ठेवणार आहेत का? नाव नको. पहिल्या दिवसापासून एकटीच्या जबाबदारीवर. म्हणजे काम मुरलेल्या माणसाचं आणि पगार कालच्या पोरीचा. वा!

थांब, सासूबाईंनी हाक मारली.

आले. पगाराचं एक वेळ राहू दे, तो तू तोंडाने घालवून बसलीस. रजेचं कलम वाच. पहिल्या वर्षी रजा नाही, आणि त्यानंतर 'कामाच्या सोयीनुसार'. हे दोन शब्द मी स्वतः किती जणांच्या पत्रांत घातलेत, देव जाणे. तुझ्या जागी बसायला माणूस नसेल तर कामाची सोय जन्मात होत नसते. रजा कागदावर असते आणि कागदावरच राहते. त्यांना सरळ विचार, पंपावर माणसं किती आहेत.

बाबांच्या वेळचं आठवतंय ना? आधीच्या हॉस्पिटलात तुझ्या जागी बसायला कुणी नव्हतं, आणि तू पोचलीस तेव्हा सगळं आटपून आम्ही अंगणातल्या खुर्च्या आत नेत होतो. मला अजून ते तुझं तोंड दिसतं. सासूबाई आता आपल्या आपण उठून बसत नाहीत, चिंगे. तुला पुन्हा तशी दारात उभी राहिलेली मला बघायची नाही. रजेचं पक्कं झाल्याशिवाय सही करायची नाही, सांगून ठेवते.

पुन्हा हाक.

संध्याकाळ झाली. तुझ्या दादाला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही, यावरून काय ते समज.

आणि एक विचारू? ते रक्त काळपट जातं आणि लाल होऊन परत येतं, ते खरंच डोळ्यांना दिसतं का?

तुझी
वहिनी

*

१४ मार्च

प्रिय वहिनी,

दिसतं! मी पहिल्या पत्रात ते लिहिलंच नव्हतं, तू कुठून आणलंस? दादाच्या जुन्या पुस्तकातून शोधलंस ना? कबूल कर. एका नळीतून ते जांभळट येतं, मध्ये मिठाच्या डब्याएवढी एक डबी असते, आणि पलीकडच्या नळीतून निघतं ते लालभडक. आपण श्वास घेतो तेव्हा आत रोज हेच चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. मी ते बाहेर, उजेडात, हातभर अंतरावर बघते. इतकी वर्षं झाली तरी त्या डबीकडे बघताना मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं.

माणसांचं विचारलं. पंपावर दोघंच असणार, पंपकाका आणि मी. माझ्या आधीची बाई थकून सोडून गेली. दुसऱ्या गावातून दिवसाच्या बोलीवर येणारे पंपवाले असतात, पण ते महाग पडतात म्हणून यांनी कधी बोलावले नाहीत.

वहिनी, तू म्हणतेस ते सगळं कळतं गं. पण ऑफिसकडे जाताना वाटेत एक लांब बाक आहे. त्यावर आईबाप मुलांना मांडीवर घेऊन बसलेले असतात. मुलांचे ओठ निळसर. कुणी रडत नाही, सगळे दाराकडे बघत असतात. त्यांच्या समोरून चालत जाऊन मी कुठल्या तोंडाने म्हणू, की मला रजा हवी? आणि सर्जनबाई म्हणाल्या, "मग राहू दे," तर? मला ही नोकरी इतकी हवी आहे, की काही मागायचं म्हटलं की जीभच उचलत नाही. आहे तशीच सही करू का?

आणि तुझ्या पत्रात तू दोनदा उठलीस. पूर्वी एका बैठकीत आठ पानं लिहायचीस. आईचं इतकं करावं लागतं का आता? तू शेवटची बाहेर कधी पडली होतीस?

तुझी
चिंगी

*

१९ मार्च

चिंगे,

पुस्तक दादाचं नाही, मी वाचनालयातून मागवलं. त्यात काय एवढं? तू असलं काही लिहिलंस की माणसाला बघावंसं वाटतं.

बाहेर पडायचं कशाला? सगळं घरपोच येतं. परवा दारात कचऱ्याचा डबा ठेवायला गेले तर समोरची म्हणाली, "अय्या, तुम्ही? मला वाटलं तुम्ही इथे राहत नाही आता." खूप हसलो आम्ही. तू आपला विषय बदलू नकोस.

त्या बाकावरच्या आईबापांना रजेचं सांगायला तुला लाज वाटते ना? मग त्यांनाच विचार, की बाई, तुमच्या लेकराच्या पंपावर ताजंतवानं माणूस हवं, की वर्षभर पाठ न टेकलेलं? बघ काय सांगतात. तू रजा मागतेस ती काही फिरायला जायला नव्हे. ती त्या मुलांच्याच औषधात धरायला हवी.

आता नीट ऐक. आधी रजा, मग पगार. रजा मागितलीस की ते लगेच पगार वाढवून देऊ करतील. तोंड बंद करायची ती जुनी युक्ती आहे, मी स्वतः वापरलीय. भुलायचं नाही. रजेच्या तारखा आजच पत्रात लिहून घ्यायच्या. त्या दिवसांत थांबू शकणारी ऑपरेशनं लावायची नाहीत, आणि न थांबणाऱ्यांसाठी तो दिवसाच्या बोलीवरचा माणूस आणायचा. हेही पत्रात. मागताना एकच वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. तुला ते जमत नाही, तू गप्प बसलीस की घाबरून स्वतःच स्वतःची किंमत उतरवतेस. जिभेवर दात ठेव, पण गप्प बस.

हाक आली. बाकीचं तुझं तू बघ. आणि घाबरू नकोस. ज्या बाईने तुला तसल्या लेकराच्या पंपावर बसवलं, ती एका वाक्याने तुला हाकलणार नाही.

तुझी
वहिनी

*

३ एप्रिल

चिंगे,

महिना संपून वर तीन दिवस झाले. पत्र नाही. फोन लावला तर बंद. तुझा दादा म्हणतो, "तूच तिच्या डोक्यात भरवलंस." मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही.

नोकरी गेली का गं? गेली असेल तर सरळ सांग. मला वाटलं, मी टेबलाच्या त्या बाजूची माणसं ओळखते. पण तिथे मुलांची हृदयं थांबवून परत चालू करणारी माणसं बसली आहेत, आणि मी त्यांना आमच्या साहेबांच्या मापाने मोजलं. जीव टांगणीला लागलाय. तू नुसतं 'गेली' किंवा 'राहिली' एवढं लिही.

वहिनी

*

५ एप्रिल

प्रिय वहिनी,

राहिली! फोन संडासात पडला होता, तो वाळत घातला आहे. आणि सही कालच झाली, कारण सर्जनबाई पाच दिवस सलग ऑपरेशनमध्ये होत्या. आता सगळं क्रमाने सांगते.

त्या बाकासमोरून जाताना मी खाली बघितलं नाही, तू म्हणाली होतीस तसं मनात विचारत गेले. आत सर्जनबाई, ऑफिसातल्या एक बाई आणि पंपकाका. मी म्हणाले, "मला सप्टेंबरात सलग तीन आठवडे रजा हवी, आणि माझ्या जागी माणूस आणायचं पत्रात लिहून हवं." आणि गप्प बसले.

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी रजेचा नियम नाही. मी गप्प. मग म्हणाल्या, पगार थोडा वाढवता येईल. वहिनी, तू सांगितली होतीस अगदी तीच युक्ती! मला इतकं हसू आलं की खाली बघावं लागलं, आणि त्यांना वाटलं मी रागावले. पगार अजून थोडा वाढला. मी तरी गप्प. मला वाटलं, आता या उठणार आणि म्हणणार, बाई, तुम्ही जा.

तेवढ्यात सर्जनबाई पंपकाकांकडे वळल्या. "तुम्ही शेवटची रजा कधी घेतली होती?"

पंपकाकांनी आठवून पाहिलं. "मुलगी लहान होती तेव्हा," ते म्हणाले.

"आता केवढी आहे मुलगी?"

"आता तिची मुलगी शाळेत जाते."

सर्जनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या पाठीमागे बसून रोज एका मुलाला जिवंत ठेवत होता, आणि त्यांनी त्याला कधी हे विचारलं नव्हतं. मग त्यांनी ऑफिसातल्या बाईंना सांगितलं, "दोघांच्याही रजेच्या तारखा पत्रात लिहा. बाहेरचा माणूस बोलवा. महाग पडला तर मला सांगा." झालं! पंपकाका बाहेर येऊन बाकावर बसले, त्या आईबापांच्या शेजारी, आणि मला म्हणाले, "रजेत करतात काय हो?"

पगार मुरलेल्या माणसाचा नाही, पण नवशिक्याचाही नाही. ओरडू नकोस.

आता खरं सांगते. मी तीन आठवडे मागितले ते तुझ्या पत्रामुळे. तुमच्या समोर राहणाऱ्या बाईला वाटलं की तू तिथे राहत नाहीस, आणि तू त्यावर 'खूप हसलो' असं लिहिलंस. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, तू माझ्या रजेसाठी भांडतेस ती आईसाठी, मी वेळेवर पोचावं म्हणून. तू जगाला रजा मिळवून देतेस आणि तुला एक दिवस नाही, हे मला चार पत्रं होईपर्यंत कळलं नाही. सप्टेंबरात मी घरी येणार, आईचं मी बघणार. आणि तू इथे येणार, माझ्या खोलीवर. खिडकीतून हॉस्पिटलचं दार दिसतं. किल्ली पंपकाकांकडे ठेवते.

तुझी
चिंगी

*

११ एप्रिल

चिंगे,

नोकरी राहिली हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, आणि सासूबाईंना वाटलं कुणी गेलं. त्यांना समजावता समजावता दमले. पंपकाकांचं वाचून तुझा दादा म्हणाला, "मीही बरीच वर्षं…" त्याला तिथेच थांबवलं. तो रविवारी झोपतो.

बाकी तुझं ते सप्टेंबराचं सोडून दे. वेड लागलंय का? रजा तू मिळवलीस, ती तुझी. तुला सासूबाईंना कुशीवर वळवता येईल? त्यांचा उजवा हात कसा धरायचा ते माहीत आहे? त्या पाणी मागतात तेव्हा त्यांना पाणी नको असतं, कुणीतरी यावं एवढंच हवं असतं, हे तुला कुठल्या पडद्यावर दिसणार? आणि मी परक्या गावात, परक्या खोलीत तीन आठवडे काय करू? पंपकाकांसारखं बाकावर बसू?

तू ये. खूप ये. मी कुठे जाणार नाही.

तुझी
वहिनी

*

२६ ऑगस्ट

चिंगे,

हरले मी.

तुझ्या दादाने काही केलं असं समजू नकोस. सासूबाईंनी केलं. काल त्यांचे केस विंचरत होते तर म्हणाल्या, "चिंगी लिहिते ते खरं आहे का गं? थांबलेलं परत सुरू होतं?" मी म्हटलं, चिंगी खोटं कशाला लिहील. तर म्हणाल्या, "ती पोटची पोर, मला बरं वाटावं म्हणून काहीही लिहील. तू जा आणि बघून ये. तू मला खोटं सांगणार नाहीस." सून म्हणून इतकी वर्षं काढली, आणि हे काल कळलं.

म्हणून येतेय. पण दोन दिवस. तिसऱ्या दिवशीच्या परतीचं तिकीट काढूनच निघणार आहे, त्यावर वाद नको.

तुझी
वहिनी

*

९ सप्टेंबर
(तुझ्या स्वयंपाकघरातून)

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तू परतीच्या गाडीत असशील की काय, या भीतीने तू निघालीस त्याच दिवशी लिहायला बसले.

आईला कुशीवर वळवलं. पहिल्यांदा चुकलं. मला वाटलं होतं, आयुष्यभर माणसांची शरीरं सांभाळलीत, हे काय मोठं! पण माझ्यासमोर माणूस झोपलेला असतो, वहिनी. आई जागी असते. तिला दुखतं, तिला लाज वाटते, ती मला लाज वाटू नये म्हणून दुसरंच काहीतरी बोलत राहते. मी पंप बंद करून घरी जाते, तेव्हा माझं काम संपलेलं असतं. तुझं इथलं काम संपतच नाही. दुपारी आई झोपली आणि मी तुझ्या त्या खुर्चीत बसले. तिची पाठ इतकी स्वच्छ, एक जखम नाही, एक ओरखडा नाही. चार वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाची पाठ अशी कशी राहते, हे आमच्या हॉस्पिटलमधल्या कुणालाही विचार. विश्वास ठेवणार नाहीत. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तशीच बसले होते.

मग तिने पाणी मागितलं. मी पाणी न घेताच गेले. तिने मला ओळखलं आणि हसली.

राहा गं तिथे. एवढंच मागणं आहे. एक वाक्य लिहिलं, आता गप्प बसते.

तुझी
चिंगी

*

११ सप्टेंबर
(तुझ्या खोलीवरून)

चिंगे,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सासूबाईंना अंदाजाने वाचून दाखव.

पंपकाका काल संध्याकाळी आले आणि म्हणाले, "सकाळी या. एका बाळाचं ऑपरेशन आहे. वर काचेची गॅलरी आहे, शिकणारी मुलं उभी राहतात तिथे." मी म्हटलं, त्या बाळाच्या घरच्यांना चालेल का? तर त्यांनी मला त्या बाकाजवळ नेलं. बाळाचा बाप माझ्याहून किती लहान! त्याला सगळं सांगितलं, की यांच्या सासूबाईंनी बघायला पाठवलंय. तो म्हणाला, "बघा ना. जितकी माणसं बघतील तितकं बरं."

सासूबाई, हे तुमच्यासाठी. मी काचेला नाक लावून उभी होते. त्या हिरव्या कापडांच्या मधोमध ते दिसत होतं, चिंगी म्हणते तेवढंच, अक्रोडाएवढं, धडधडत. मग ते थांबलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, थांबलं. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि शेजारच्या शिकाऊ मुलीने माझा हात धरला. नळीतून रक्त काळपट येत होतं आणि लाल होऊन जात होतं, खोटं नाही. पंपकाका वाकून बसले होते, एकदाही मान वळवली नाही त्यांनी. किती वेळ गेला मला माहीत नाही. उभी होते की बसले होते, तेही आठवत नाही. आणि मग, सासूबाई, ते थरथरलं. आणि सुरू झालं. होय. परत सुरू होतं. मी बघितलं.

चिंगे, पुढचं तुझ्यासाठी. मी तुला म्हणाले होते की भारावू नकोस. मूर्ख होते मी. वीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी केली आणि वरच्या मजल्यावर काय चालतं ते एकदाही बघायला गेले नाही. माणसं तिथे असं काही करत होती आणि मी खाली त्यांच्या रजा कापत होते.

आणि अजून एक. ते हृदय इतका वेळ बंद होतं ना, तेव्हा कुणी त्याला म्हणालं नाही, की तू थांबलंस तर बाकीच्यांचं कसं होईल. त्याचं काम तेवढा वेळ दुसऱ्यांनी उचललं, सहज उचललं, आणि ते आपलं निवांत पडून दुरुस्त होत राहिलं. मला ते बघून इतकं रडू आलं, की त्या शिकाऊ मुलीला वाटलं मी बाळाची आजी आहे. मी नाही म्हटलं नाही.

खाली आले तर बाप अजून बाकावर. पंपकाकांनी त्याला नुसती मान हलवून सांगितलं आणि तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याला चहा आणून दिला, स्वतः घेतला. गरम होता. तो गार व्हायच्या आत मी पिऊन संपवला, आणि मध्ये मला कुणी हाक मारली नाही.

तिथून सरळ स्टेशनवर गेले. उद्याचं तिकीट रद्द केलं.

तुझी
वहिनी